राबलेलं लोखंड

शेजाऱ्यांशी भांडण परवडतं. दार लावून घेतलं की मिटलं. शेजाऱ्यांची माया मात्र दार लावलं तरी फटीतून आत येते, हे शेवंताला त्या वर्षी पुरतं कळून चुकलं. नवऱ्याला काय झालंय असं कुणी विचारलं की तिचं एकच उत्तर असे, "रक्त कमी आहे." हे शब्द तिनं फार विचार करून निवडले होते. टीबी म्हटलं असतं तर लोकांनी आपापली पोरं आत ओढली असती. खरं सांगायचा तर प्रश्नच नव्हता. रक्त कमी असणं हा कसा गरीब, सोज्वळ आजार. तो कुणाला लागत नाही आणि त्यात कुणाची अब्रू जात नाही. शिवाय ते खोटंही नव्हतं. लहानूच्या अंगात रक्त खरंच कमी होतं. ते का कमी होतं, एवढंच ती गिळून टाकायची.

सहा महिने गल्लीतल्या डॉक्टरनं लहानूला लाल टॉनिकच्या बाटल्या पाजल्या होत्या. ताप जाईना, वजन उतरत चाललं, तेव्हा त्यानं हात टेकले आणि ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नवरा-बायकोला समोर बसवून, दार लोटून घेऊन सांगितलं, की लहानूला एचआयव्हीची लागण झाली आहे. घरी येताना लहानू बसमध्ये एकदाच बोलला. "लग्नाआधी आन नंतर बी, एक-दोनदा. मित्रांबरोबर." शेवंतानं तेव्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला इतका संताप आला होता, की पाहिलं असतं तर तिथंच भर बसमध्ये त्याच्या तोंडात मारली असती.

पण संतापानं चूल पेटत नाही. त्यांची विशाखा नुकती पहिलीत जाऊ लागली होती. दोघांतलं एक तरी तिच्यासाठी उभं राहायला हवं, हा एकच विचार शेवंताच्या डोक्यात घर करून बसला आणि ती तो रोज लहानूलाही ऐकवू लागली. डॉक्टरीणबाईंनी तिलाही तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. "पुढच्या खेपेला," असं ती दर खेपेला म्हणायची. तपासून काय कळायचं होतं? तिचं तिला कळत होतं. हंडा उचलला की छाती धाडधाड उडायची, दवाखान्याचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मलाही लागलंय, आपण कामातून गेलो, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. मग उरला लहानू. त्याचं रक्त वाढलं की तो उभा राहील, तो उभा राहिला की पोरीला बाप राहील. लोकांना सांगायला निवडलेल्या शब्दांवर तिचा स्वतःचाच विश्वास बसत गेला.

लहानू भिवंडीत, नारपोलीतल्या फखरुद्दीन सेठच्या कारखान्यात कापडाची लूम चालवायचा. शेवंता तिथंच पडवीत बसून कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या शटलमध्ये बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. खोलीही सेठच्याच चाळीत. सेठ माणूस वाईट नव्हता, पण चांगली माणसं घाबरली की काय करतात ते तिनं पाहिलं होतं. मागच्या गल्लीत एक ट्रक ड्रायव्हर या आजारानं गेला, तर त्याच्या बायकोला बायकांनी नळावर पाणी भरू दिलं नव्हतं. त्या बायकांत कुणी राक्षसीण नव्हती. रोज एकमेकींना मीठ-मिरची देणाऱ्याच सगळ्या.

तर अशा या चाळीत रक्त कमी असल्याची बातमी पसरली आणि ज्याला त्याला उपाय सुचू लागले. शेजारची हमिदाभाभी मूळची इथलीच, कोकणी मुसलमान घरातली. तिचा नवरा रहमतुल्ला हा लहानूचा दोस्त. दोघांची लूम एकच, शिफ्ट वेगळी. हमिदाभाभी दर शुक्रवारी मटण आणताना खाटकाकडून आठवणीनं बकऱ्याची तिल्ली, म्हणजे प्लीहा, मागून आणायची, निखाऱ्यावर भाजून, मीठ चोळून, बशी झाकून घेऊन यायची. कुणी बीट आणलं, कुणी खजूर. आणि जो येई तो आधी लहानूच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत बघे, मान हलवी, आणि मग बसे. लहानू वैतागून म्हणायचा, "तिकीट लावायला पायजे, शेवंते. बरी कमाई होईल."

गावाकडून, वडप्याहून सासू, जाईबाई, शेवग्याचा पाला घेऊन आली ती पाला तसाच टाकून पोरापाशी बसली.

"रगात न्हाय गं याच्या आंगात," ती म्हणाली. "ह्या टानिकानी काय व्हनार? आमच्यात नांगराचा फाळ तापवून ताकात इझवतात. फाळ पन नवा न्हाय चालत. राबल्याला लोखंड पायजे. जमिनीत झिजल्याला."

"नारपोलीत नांगर कुठून आणू, आई?" शेवंता म्हणाली.

नांगर नव्हता, पण रहमतुल्ला दारातच उभा होता. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून लूमचं एक मोडकं चाक घेऊन आला. दाते झिजून पार गुळगुळीत झालेले. त्यानं ते रॉकेलनं धुतलं, साबणानं धुतलं, पुन्हा राखेनं घासलं, आणि जाईबाईंपुढे ठेवून म्हणाला, "मावशी, याच्यापेक्षा राबलेलं लोखंड अख्ख्या भिवंडीत न्हाय भेटणार. माझ्या बापानं पण याच लूमवर काम केलंय."

जाईबाईंनी चाक उलटंसुलटं करून पाहिलं आणि पसंत केलं. हमिदाभाभीच्या शेगडीत ते लाल होईपर्यंत तापवलं, चिमट्यानं उचललं आणि ताकाच्या पातेल्यात सोडलं. चर्र आवाज झाला, खोलीभर आंबूस, जळका वास पसरला आणि विशाखानं भीतीनं आजीच्या पदरात तोंड लपवलं. ताक काळपट झालं होतं. लहानूनं पेला हातात घेतला आणि सगळ्यांकडे पाहून हसला.

"आजवर लूमनं माझं रगात पिलं," तो म्हणाला. "आता मी लूमचं लोखंड पितो. फिट्टंफाट."

सगळे हसले. शेवंताही हसली. पेला तिनंच फुंकर मारून निववून दिला होता. कधी वाटे हे ताक कढतच याच्या घशात ओतावं, आणि कधी वाटे याला मांडीवर घेऊन चमच्यानं पाजावं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं.

असं रोज चालू झालं. तिल्ली त्याला, खजूर त्याला, पाल्याची भाजी त्याला. शेवंताच्या वाट्याला भात आणि कालवणाचं पाणी. त्यात तिला काही वेगळं वाटलं नाही. तिच्या आईनं, सासूनं हेच केलं होतं. लहानू म्हणायचा, "तू पन घे ना थोडं." ती म्हणायची, "मला कुठं भूक आहे?" आणि खरंच, जेवणाची भूक तिला नसायची. भूक लागायची ती भलत्याच गोष्टीची.

ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. विशाखाच्या पाटीच्या पेन्सिली ती खायची. तांदूळ निवडता निवडता कच्चे तांदूळ चघळण्यापासून सुरुवात झाली. मग एक दिवस पोरीच्या दप्तरातली पेन्सिल दाताखाली आली, ती कुरकुरीत, मातकट चव जिभेला अशी लागली की सुटेना. बाई पोटुशी असली की असले डोहाळे लागतात; पण उन्हाळ्यापासून दोघांची अंथरुणं वेगळी होती. आपण म्हातारपणाआधीच वेड्या झालो, असं तिला वाटायचं. "आई, माझी पेन्सिल परत गेली," विशाखा ओरडायची. शेवंता तिलाच दटावायची, "हरवतेस आणि बोंबलतेस." पोरीच्या पत्र्याच्या डबीत पेन्सिलीचे दोन-चार तुकडे मात्र कायम असायचे, म्हणून बरं.

तिच्या जिवाला आणखी एक घोर होता, तो शटलचा. शटलमध्ये नवी कांडी घातली की सुताचं टोक बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी कामगार शटललाच तोंड लावतो आणि श्वास आत ओढतो. टोक ओठांवर येतं. शिफ्टमध्ये किती वेळा, त्याला गणती नाही. अंगात ताप नसला की लहानू कामावर जायचा, ज्या शटलना तोंड लावायचा त्यांनाच शिफ्ट बदलली की रहमतुल्ला तोंड लावायचा. हमिदाभाभी तिल्लीची बशी पुढे करायची तेव्हा शेवंताला तिच्या डोळ्यांकडे बघवत नसे. आपण हिचं खातोय आणि हिच्या नवऱ्याला काय देतोय, या विचारानं तिचा जीव टांगणीला लागायचा. ती कांड्या भरता भरता उठायची, दारापर्यंत जायची, पुन्हा येऊन बसायची. बाजूला कांड्या भरणारी बाई म्हणायची, "अगं, तुला काय मुंग्या चावतात का?"

दिवाळीनंतर ठाण्याला जायची पुढची तारीख आली. रक्तातला लोहाचा साठा बघायची एक वेगळी तपासणी डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला केली होती. त्यांच्याकडे अशा रोग्यांचा काही अभ्यास चालला होता, म्हणून ती फुकट झाली. तिचा निकाल मिळायचा होता. सकाळी दोघं निघाली तर रहमतुल्ला धुतलेला शर्ट घालून, केसांना तेल लावून चाळीच्या तोंडाशी उभा.

"मी पण येतो. रक्तच कमी हाय ना? मग टॉनिक न् ताक कशाला? माझंच घेऊन टाक. माझ्याकडं लय हाय."

शेवंता दोघांच्या मध्ये आली. "नको हो भाऊ, तुमची ड्युटी..."

"रात्रीची हाय ना ड्युटी. वहिनी, दोस्त कशाला असतो?"

नाही म्हणावं तरी कसं? बस कशेळीच्या पुलावर अडकली. पुढे कुठंतरी कंटेनर आडवा झाला होता. खाडीवरून खारा वारा येत होता, लोक खाली उतरून विड्या पेटवत होते, आणि शेवंता सीटच्या कडेवर बसून मनात एकामागून एक थापा जुळवत होती.

"भाऊ, रक्ताचा गट जुळावा लागतो म्हणे," तिनं खडा टाकून पाहिला.

"जुळंल. आमची लूम जुळते, तंबाखू जुळते, मग रक्तच का न्हाय जुळणार?" त्यानं बाही वर करून दंड दाखवला. "बघ, कशी शीर हाय. नळाच्या पायपासारखी."

लहानू खिडकीबाहेर बघत होता. तो खाडीकडे तोंड करूनच म्हणाला, "रहमत, तू घरी जा ना यार."

"का? माझं रक्त खराब हाय का?"

लहानूनं वळून त्याच्याकडे पाहिलं. शेवंताला वाटलं, आता हा बोलून टाकतो. तिनं त्याचा गुडघा इतक्या जोरात दाबला की तिचीच बोटं दुखली. मग बस हलली.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीवर आजाराच्या नावाची पाटी नव्हती, एवढं त्यांचं शहाणपण. रहमतुल्लाला बाहेर बाकावर बसवून दोघं आत गेली. बाई चाळिशीच्या, दमलेल्या, पण बोलायला सरळ. त्यांनी लहानूची जीभ पाहिली, छाती तपासली आणि शेवंताला विचारलं, "यांना काय काय देता?"

शेवंतानं सगळं सांगितलं. तिल्ली, खजूर, पाला, गल्लीतल्या डॉक्टरकडून अजूनही आणलेलं टॉनिक. लूमच्या चाकाचं ताकही सांगितलं, जरा ताठ मानेनंच. आपण काही कमी केलं नाही, हे कुणीतरी एकदा म्हणावं असं तिला वाटत होतं.

"हे सगळं थांबवा," बाई म्हणाल्या. "टॉनिक तर आजपासून बंद."

"आं?"

"यांच्या अंगात लोह कमी नाही. भरपूर आहे. तुम्ही भिवंडीच्या ना? मग असं बघा. गोदामात सूत खच्चून भरलंय, पण लाइट गेलीय. लूम बंद. तुम्ही सूत कमी पडलं असं समजून आणखी गाड्या आणताय. कापड कसं निघणार? हा आजार शरीराला लोह वापरूच देत नाही, कुलूप लावून ठेवतो. वरून आणखी घातलं तर फायदा नाही, झाला तर त्रासच. साधं चांगलं जेवू दे त्यांना. पण औषध म्हणून लोखंड नको."

"मग लाइट कधी येणार?" शेवंतानं विचारलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "परदेशात औषधं निघाली आहेत. ती आपल्या आवाक्यातली नाहीत. ताप आला तर मी तापाचं औषध देईन, खोकला आला तर खोकल्याचं. यापेक्षा जास्त सांगितलं तर ते खोटं होईल."

लहानू मान हलवत राहिला, जणू त्याला कुणी बसचा रस्ता सांगत होतं. शेवंताच्या मात्र अंगाची आग झाली. इतके महिने! इतक्या बशा, इतके पेले, प्रत्येक घास त्याच्या तोंडात जाईपर्यंत राखण करत बसलेली ती. तिला बाईंचा राग आला, सासूचा आला, त्या चाकाचा आला. आणि रागाच्या भरात, इतके दिवस ओठांवर अडकलेलं तिनं विचारून टाकलं, "आणि शटल? ते तोंडानं सूत ओढतात. दुसराही त्याच शटलला तोंड लावतो. बाहेर बसलाय तो. त्याला झालं तर?"

"ओठांनी, थुंकीनं हा आजार जात नाही. त्याला काही होणार नाही," बाई म्हणाल्या. "बरं केलंत विचारलंत." मग त्या शेवंताकडे बघत राहिल्या. "तुम्ही इकडे या. उजेडात."

शेवंता उठली तर खुर्चीला धरावं लागलं. बाईंनी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली, नखं पाहिली, जीभ पाहिली. "दम लागतो?"

"त्यांचंच मलाही लागलंय, बाई. मला माहिती आहे. तपासायची गरज नाही."

"ते रक्त ठरवेल, तुम्ही नाही. माती, खडू, पेन्सिल असलं काही खावंसं वाटतं?"

शेवंताचे कान तापले. नवऱ्यासमोर, परक्या बाईनं, तिच्या पदराखालची चोरी उघडी केली होती. तिनं लहानूकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

"पेन्सिल," ती पुटपुटली. "पाटीवरची."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन नळ्यांत तिचं रक्त काढलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. बाहेर येऊन पाहतात तो बाकावर रहमतुल्ला नाही. थोड्या वेळानं तो जिन्यावरून आला, कोपरात कापूस, हातात बिस्किटाचा पुडा. विचारत विचारत तो थेट रक्तपेढीत जाऊन बाटलीभर रक्त देऊन आला होता.

"लहानूच्या नावानं दिलंय," तो म्हणाला. "लागंल तेव्हा घ्या."

लहानूनं त्याच्या हातातला पुडा घेतला, फोडला, आणि एक बिस्कीट त्यालाच भरवलं. 

तो आठवडा कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक. चाक तिनं पलंगाखाली सरकवलं, ताक बंद केलं. चाळीत विचारणा सुरू झाल्या. तिनं सांगितलं, डॉक्टरनं पथ्य बदललं. ती कांड्या भरायची तर सूत तुटायचं, भाकरी थापायची तर चिरायची. पेन्सिलीला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली आणि दुपार टळायच्या आत मोडली. झालं असेल, झालं नसेल, झालं असेल. विशाखाची वेणी घालताना तिचे हात मध्येच थांबायचे, पोर मान वळवून बघायची. लहानूला ती टाकून बोलू लागली. तो मुकाट्यानं ऐकून घ्यायचा, आणि त्यानं ऐकून घेतलं की तिचा आणखी तिळपापड व्हायचा.

शुक्रवारी दोघं ठाण्याला गेली. बाईंनी या वेळी दार लोटायच्या आधीच सांगितलं, "तुम्हाला लागण नाही, शेवंताबाई. खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा बघू. पण आज तरी लागण नाही."

 तिला आनंद व्हायला हवा होता आणि होत नव्हता.

"मग मला दम का लागतो?"

"तुमच्या रक्तात लोह नाही. यांच्यात आहे आणि वापरता येत नाही. तुमच्यात वापरता येतं आणि नाहीच. यांच्यापेक्षा तुमचं रक्त कमी आहे. पण तुमचं भरून येईल. या गोळ्या घ्या. आणि जे यांना देत होतात ना, तिल्ली, पाला, ते तुम्ही खा."

दोघं परतीच्या बसमध्ये बसली. कशेळीचा पूल ओलांडल्यावर लहानू म्हणाला, "बरं झालं." बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाला, "लय बरं झालं, शेवंते." तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पदर तोंडात कोंबला.

घरी जाईबाई आलेल्या होत्या. लेकाची तब्येत विचारायला वडप्याहून मुद्दाम आल्या, येताना शेवग्याचा पाला आणलाच. दोघं हातपाय धुऊन बसतात तोवर शुक्रवारची बशी घेऊन हमिदाभाभी दारात. भाजलेल्या तिल्लीचा वास खोलीत दरवळला आणि शेवंताच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं सवयीनं बशी लहानूपुढे ठेवली.

लहानूनं ती तिच्याकडे सरकवली. "तू खा."

"आरं, तिला कशाला?" जाईबाई म्हणाल्या. "भाभीनं तुझ्यासाठी आनलीय ना. ती खाईल तिचा मागून."

"तुम्हीच घ्या," शेवंता घाईनं म्हणाली. आजाऱ्याच्या तोंडचा घास बायको खाते, हे सासूपुढे, शेजारणीपुढे कसं चालावं? पण कारण तेवढंच नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. आजवर ती बशी त्याच्यापुढे ठेवली की तो जगणार असं तिला वाटायचं. ती आपण खायची म्हणजे त्याच्यावर पाणी सोडायचं. डॉक्टरीणबाईंनी लाख सांगितलं असेल. हात पुढे होत नव्हता.

लहानू भिंतीला धरून उठला. तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला आणि इतके महिने सगळ्या चाळीनं त्याचं जे केलं होतं, ते त्यानं तिचं केलं. अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली.

"भाभी, बघा. आई, तू पन बघ."

हमिदाभाभी वाकली. "या अल्ला," ती म्हणाली. "डोळ्यात कापूस भरलाय हिच्या. आणि आपण सगळी लहानूचेच डोळे बघत बसलो."

जाईबाईंनी खूप वेळ पाहिलं. मग लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "आन तू रं? तुझा काय?"

"माझ्यात लोखंड लय झालंय, आई. गोदाम भरलाय. डॉक्टरीण म्हनली, आता नको."

तो हसला. जाईबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाल्याची जुडी सोडून पानं खुडायला घेतली, आणि त्यांचे हात फार हळू चालत होते.

"मी खाल्लं तर तुमचं काय?" शेवंतानं त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं विचारलं.

"एकानं ऱ्हायला पायजे ना पोरीला? रोज तूच हे देवळातल्या घंटेसारखं वाजवत असतेस." मग त्याचा आवाज उतरला. "तुला न्हाय लागलं, शेवंते. माझ्याकडून तेवढं तरी वाचलं. खा."

तिनं तुकडा तोंडात घातला. मऊ, खारट, धुराचा वास असलेला, आणि मागाहून जिभेवर येणारी ती लोखंडाची चव. तिला ती आवडली. इतकी आवडली की तिला स्वतःचीच लाज वाटली. इतके दिवस जिभेला जे हवं होतं ते पेन्सिलीत नव्हतं, इथं होतं, त्याच्या बशीत. ती खात होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि जबडा काही थांबत नव्हता.

विशाखा दप्तर आवरत होती. लहानूनं तिला जवळ ओढलं.

"आता पेन्सिली जपून वापर," तो म्हणाला. "रोज कारखान्यातून येताना आनून डबीत टाकत होतो, ते आता बंद."

शेवंताचा हात बशीतच थांबला. तो तिच्याकडे बघत नव्हता. पोरीच्या डबीचं झाकण दाबून बसवत होता. मग तिनं पुढचा तुकडा उचलला.